माल की माणसं: वैमानिकाला जास्त जड काय जातं?

निपाणीहून एका मुलीनं विचारलंय. तिचं कमर्शियल पायलट लायसन्स झालं आहे आणि दोन ठिकाणी बोलणं पुढं सरकलं आहे. एक नेहमीची प्रवासी एअरलाइन, दुसरी फक्त मालवाहू विमानं चालवणारी कंपनी. ती लिहिते, "काका, घरात मामा म्हणतात, एवढे लाखो रुपये घालून शेवटी मालाचीच गाडी चालवायची काय? मला मानाचं काही नाही. पण दोन्हींत प्रत्यक्ष अवघड काय असतं ते खरं खरं सांगा. तुम्ही दोन्ही केलंय."

होय, केलंय. आधी बरीच वर्षं प्रवासी विमानं, नंतर कार्गो. म्हणून जे बघितलं तेच सांगतो, आणि थोडं लांबण लागेल, कारण याचं उत्तर दोन ओळींत दिलं तर ते खोटं होईल.

बाळ, मानाचा विषय तू बाजूला ठेवलास हे बरं केलंस, पण मामांना एक गोष्ट जरूर सांग. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले, तेव्हा त्यांच्या त्या छोट्या पस मॉथ विमानात एकही प्रवासी नव्हता. होत्या त्या टपालाच्या थैल्या. पुढं त्या थैल्या त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी बळ्ळारीमार्गे मद्रासला नेल्या. म्हणजे आपल्या देशातली एअरलाइन सुरू झाली तीच मालापासून, आणि तिच्या वाटेवर आपल्या कर्नाटकातलं एक गाव होतं. माणसं नंतर बसली.

आता मुद्द्याचं. विमान उडवण्याचं कौशल्य दोन्हीकडं एकच आहे. लायसन्स तेच, मेडिकल तेच, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये होणारी परीक्षा तीच. आडव्या वाऱ्यात उतरताना मागं १८० माणसं आहेत की मोबाइलचे खोके, हे विमानाच्या पंखाला कळत नाही. फरक पडतो तो दोन गोष्टींनी. एक, तू दिवसाच्या कुठल्या वेळी उडवतेस. आणि दुसरी, मागं काही बिघडलं तर ते तुला कोण सांगणार. प्रवासी विमानात माणसं सांगतात. माल काही सांगत नाही. माझ्या मते कार्गोतलं निम्मं अवघड काम या एकाच गोष्टीतनं निघतं, आणि उरलेलं निम्मं रात्रीतनं.

रात्रीचं आधी बोलतो, कारण माझ्या बघण्यात कार्गो सोडून गेलेल्या बहुतेकांनी ते रात्रीमुळंच सोडलं.

माल रात्रीच का उडतो? आपल्याकडची भाजी गोव्याला कशी जाते ते आठव. दिवसभर बेळगावच्या मार्केटात माल जमतो, रात्री टेम्पो भरून चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत तिकडच्या बाजारात पोचायचं. गिऱ्हाईक सकाळी येतं म्हणून गाडी रात्री पळते. विमानातला एक्सप्रेस मालही तसाच. दिवसा गोळा होतो, रात्री एका मधल्या विमानतळावर, म्हणजे हबवर, सगळीकडची विमानं येतात, तिथं मालाची वाटणी होते आणि पहाटे जो तो आपापल्या गावी. ही पद्धत परदेशातनं आली असं लोक समजतात. पण १९४९ मध्ये भारतात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली ती अगदी अशीच होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रासहून डाकोटा विमानं रात्री निघायची, नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि सकाळपर्यंत परतायची. फेडेक्स या कुरिअर कंपनीनं अमेरिकेत मेंफिसला आपलं काम सुरू केलं ते पार १९७३ मध्ये.

पहाटे दोन ते सहा हा माणसाच्या शरीराचा सगळ्यात मंद काळ. अंगातली ऊब उतरलेली असते, डोळे उघडे असले तरी आकडा वाचायला अर्धा क्षण जास्त लागतो, आणि वाईट म्हणजे आपण मंद झालोय हे आपल्याला कळत नाही. हबवर मालाची वाटणी चालू असताना दोन-तीन तास रिकामे जातात. कुणी खुर्चीत मान टाकतो, कुणी चहावर चहा पितो. मग साडेचारला पुन्हा निघायचं. पूर्वेकडं तोंड करून उतरायचं असेल तर उगवता सूर्य नेमका काचेत येतो. रात्रभर जागलेल्या डोळ्यांत तो वाळूसारखा खुपतो, आणि त्याच वेळी दिवसातला सगळ्यात नेमकेपणाचा भाग, म्हणजे लँडिंग, करायचं असतं. हे एकदा करायला कुणालाही जमतं. आठवड्याला चार-पाच रात्री, वर्षानुवर्षं, हे खरं अवघड.

१४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएस या कुरिअर कंपनीचं एक एअरबस ए-३०० मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडंच जमिनीवर आदळलं, दोघंही वैमानिक गेले. तपासात अॅप्रोचमधल्या, म्हणजे उतरायला धावपट्टीकडं येतानाच्या, चुका निघाल्याच, पण त्यामागं थकवाही होता असं चौकशी मंडळानं नोंदवलं. उड्डाणाआधी त्या दोघांत विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलणं झालं होतं, ते कॉकपिटच्या रेकॉर्डरवर सापडलं. कारण अमेरिकेनं २०१२ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे कडक नियम केले, पण ते फक्त प्रवासी विमानांना लावले. कार्गोला त्यातनं वगळलं. मला हे आजही पटत नाही. झोप कमी पडली की मेंदू मंद होतो. मागं खोके आहेत म्हणून तो कमी मंद होत नाही. आणि खाली घरं असतात, त्यांत माणसं झोपलेली असतात.

आपल्याकडं डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, २०२४ मध्ये नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे सहा अशी मोजायची ठरली, आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर फ्लाइट रद्द होऊन विमानतळांवर जो गोंधळ झाला तो तुला आठवत असेल. तो याच नियमांची पूर्ण अंमलबजावणी सुरू होताना झाला. तेव्हा बऱ्याच प्रवाशांचा राग नियमांवर निघाला. नियम बरोबर आहेत. ते मिळवायला वैमानिकांना कोर्टापर्यंत जावं लागलं होतं.

पण रात्र म्हणजे फक्त कार्गो असं समजू नकोस. २२ मे २०१० ला दुबईहून मंगळूरला आलेलं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, धावपट्टीच्या पलीकडं दरीत गेलं, १५८ माणसं गेली. ते प्रवासी विमान होतं. रात्रभराचं उड्डाण, सकाळचं लँडिंग. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेले होते आणि झोपेतनं उठल्यानंतरचा जडपणा त्यांच्या निर्णयात राहिला, असं चौकशीत निघालं. शेजारच्या फर्स्ट ऑफिसरनं, म्हणजे सहवैमानिकानं, परत वर जाऊ या असं सांगितलं होतं. आपल्या राज्यातली घटना आहे ती. तू जिकडं जाशील तिकडं तो चौकशी अहवाल एकदा संपूर्ण वाच.

फरक एवढाच की प्रवासी रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, रात्र अधनंमधनं येते, कार्गोत ती रोजची. आणि गंमत अशी की रोजची रात्र एका अर्थानं सोपी पडते. शरीर थोडंफार जुळवून घेतं. जास्त मारक असतं ते दोन दिवस सकाळी पाचची ड्युटी, मग एकदम रात्रीची, मग परत सकाळची. काही प्रवासी एअरलाइनच्या रोस्टरमध्ये हे सर्रास असतं.

रात्र काढणं जेवढं अवघड, त्याहून दिवसा झोपणं अवघड, आणि हे आपल्याकडच्या घरात तर फारच. मी सकाळी आठला घरी पोचायचो. खिडकीला जाड काळा पडदा, फोन बंद. पण दहाला गॅसवाला येणार, अकराला कुणीतरी पाहुणा येणार आणि "कॅप्टन घरात आहेत की! मग झोपलेत कशाला?" म्हणून विचारणार. आईला वाटायचं पोराची तब्येत बरी नाही. गणपतीच्या दिवसांत आमच्या बेळगावच्या गल्लीत दुपारी दोनला झोपून दाखव. मांडव दाराला लागून असतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीही तेच. घरच्यांचा दोष नाही त्यात. दिवसाची झोप ही कामाचाच भाग आहे, ती मोडली तर रात्री विमानात त्याचा हिशेब होतो, हे त्यांना बसवून समजावावं लागतं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझ्या बायकोनं हे घरात लावून धरलं म्हणून मी टिकलो. ज्या घरात हे जमत नाही त्या घरातल्या माणसानं कार्गोत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, मग पगार कितीही असो.

आता माल.

प्रवाशांचं वजन आपण सरासरीनं धरतो आणि माणसं आपापल्या खुर्चीत बसतात, पट्टा लावतात. मालाचं तसं नाही. मुख्य डेकवर ८८ बाय १२५ इंचांचे अॅल्युमिनियमचे सपाट पॅलेट रुळांवरनं ढकलत आत आणतात. ७३७-८०० च्या मालवाहू विमानात असे अकरा-बारा, ७५७ मध्ये पंधरा. प्रत्येक पॅलेटवर खोक्यांचा ढीग, त्यावर जाळी, आणि खाली जमिनीतली कुलपं उचलून तो जागेवर धरायचा. कुठला पॅलेट कुठल्या जागी, यावर विमानाचा समतोल ठरतो. लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या हिशेबाच्या कागदावर, जो आकडा येतो त्यावरनं तू ट्रिम लावतेस, म्हणजे शेपटीचं आडवं पातं त्या समतोलाला जुळवून ठेवतेस. आकडा कागदावर बरोबर आणि मागं दोन पॅलेटची अदलाबदल झालेली असेल, तर ते तुला पहिल्यांदा कळणार नाक उचलायच्या वेळी. उतरवताना पुढचा माल आधी काढला तर उभं विमान शेपटीवर बसू शकतं, इतका हा समतोल नाजूक.

म्हणून दार लावायच्या आधी मी बॅटरी घेऊन मागं एक फेरी मारतो. आत जाताना अंग चोरून जावं लागतं, पॅलेट आणि भिंतीच्या मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा असते. वाकून प्रत्येक कुलूप उभं आहे का ते बघायचं. कुलूप उभं दिसलं तरी पायानं दाबून बघायचं, कारण अर्धवट उठलेलं कुलूप लांबून पूर्ण उठल्यासारखं दिसतं. जाळीत बोटं घालून ती ओढायची. जुलै-ऑगस्टमध्ये जास्त काळजी घ्यायची: पावसात एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, ठेवलेले पॅलेट ताडपत्री असूनही भिजतात, पुठ्ठ्याचे खोके ओले होऊन बसतात, आणि तासापूर्वी घट्ट असलेली जाळी ढिली होते. भिजलेल्या मालाचं वजनही कागदावरच्यापेक्षा जास्त असतं. मग नाकानं बघायचं. मासळीचं पाणी गळतंय का, रंगाचा किंवा रसायनाचा वास येतोय का. रात्रीचे दोन वाजलेले असतात, लोडर दमलेले असतात, वेळ झालेली असते, आणि ही फेरी मारली नाही तर कुणी विचारणार नसतं. तिथंच माणसाची परीक्षा आहे. प्रवासी विमानात तुझ्यावर शंभर डोळे असतात. इथं तूच.

माल सुटला तर काय होतं ते २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बगरामला दिसलं. नॅशनल एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये लष्कराच्या पाच चिलखती गाड्या होत्या. टेक-ऑफ करताना निदान एक गाडी पट्टे तोडून मागं सरकली. नुसता समतोल गेला असं नाही, तिनं मागची भिंत फोडून हायड्रॉलिक आणि शेपटीचं आडवं पातं हलवणारी यंत्रणाच मोडली. विमान वर गेलं आणि कोसळलं. सातही जण गेले. त्या वैमानिकांनी हवेत काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. ते उड्डाण जमिनीवरच, गाड्या बांधतानाच, बिघडलेलं होतं.

आणि आग. कार्गोच्या वैमानिकाला मनात सगळ्यात मोठी भीती कसली असेल तर ती आगीची. प्रवासी विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात धूर ओळखणारी यंत्रणा असते आणि आग दाबायला हॅलॉन वायू असतो. मालवाहू विमानाच्या मुख्य डेकवर बहुधा तो नसतो. एवढ्या मोठ्या जागेत तो पुरणार नाही. तिथली पद्धत अशी की हवा बंद करायची, विमानातला दाब काढून टाकायचा आणि २५,००० फुटांच्या आसपास राहून ऑक्सिजनअभावी आग मंद ठेवायची. तू स्वतः मास्क लावून बसायचं. अडचण अशी की लिथियम बॅटरी एकदा पेटल्या की स्वतःच उष्णता तयार करत राहतात, आणि तुला जमिनीवर उतरायचं तर खाली यावंच लागतं, जिथं हवा भरपूर.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये हेच झालं. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. आगीचा इशारा आला तेव्हा दोहा जवळ होतं, पण ओळखीच्या दुबईकडं परत वळायचा निर्णय झाला. काही मिनिटांत कॉकपिट धुरानं असं भरलं की समोरची उपकरणंही दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन गेला. एकटा उरलेला फर्स्ट ऑफिसर रेडिओची बटणं दिसत नसल्यामुळं फ्रिक्वेन्सी बदलू शकत नव्हता आणि दुसरी विमानं त्याचे निरोप पुढं पोचवत होती. दोघंही गेले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ ला, कोरियात जेजूजवळ एशियानाचं मालवाहू ७४७ आगीनं समुद्रात पडलं. आता नियम बदललेत: १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातनं नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातनं न्यायच्या तर ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसावा. नीट बघ, प्रवासी विमानातनं जे काढलं ते गेलं कुठं? मालवाहू विमानातच. म्हणून धोकादायक मालाची जी यादी कॅप्टनला सहीसाठी देतात, नोटॉक म्हणतात तिला, ती मी कधीही नुसती सही करून परत देत नाही. कुठला माल, कुठल्या जागी, किती, हे वाचतो आणि मागच्या फेरीत ती जागा बघून येतो. धुराचा इशारा आला तर पहिला विचार एकच: जवळची धावपट्टी कुठली. आपली नाही, ओळखीची नाही, जवळची. अशा आगीत हातात पंधरा-वीस मिनिटंच असू शकतात, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

जिवंत माल हा वेगळाच प्रकार, त्यावर जास्त लिहीत बसत नाही. कोंबडीची एक दिवसाची पिल्लं उष्णता आणि वाफ किती सोडतात ते आधी कळत नाही. आणि घोडे असतील तर माणसांपेक्षा हळुवार वळायचं, हळुवार ब्रेक लावायचा.

आता प्रवासी बाजू, आणि ती सोपी आहे असं तुला वाटू देणार नाही. तिथला ताण वेगळा, दिवसाउजेडी आणि सगळ्यांसमोर.

दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. प्रत्येक थांब्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ. त्यात माणसं उतरणार, सफाई होणार, इंधन भरणार, नवी माणसं चढणार. तेवढ्यात तू हवामान बघायचं, लोडशीट तपासायची, बाहेर फेरी मारायची, आणि एक व्हीलचेअर आली नाही म्हणून दहा मिनिटं गेली की पुढच्या सगळ्या ठिकाणी तो उशीर घेऊन जायचा. जेवण मांडीवर. वर गेल्यावर पाचव्या मिनिटाला केबिनमधनं फोन: एका आजोबांना छातीत दुखतंय. डॉक्टर कुणी आहे का विचारायचं, कंपनीशी बोलायचं, जवळ कुठं उतरता येईल, तिथं दवाखाना आहे का ते बघायचं. मालाच्या बाबतीत असा प्रश्न येत नाही.

सांबऱ्याचं उदाहरण देतो, आपलं बेळगावचं विमानतळ. २३०० मीटरची धावपट्टी, समुद्रसपाटीपासून साधारण २५०० फूट उंच. उंचीमुळं हवा थोडी विरळ, त्यामुळं त्याच दाखवलेल्या वेगाला जमिनीवरचा खरा वेग जास्त असतो आणि थांबायला जागा जास्त लागते. पावसाळ्यात पश्चिमेकडनं सह्याद्रीवरनं ढग येऊन असे बसतात की पाच मिनिटांपूर्वी दिसणारं गाव नाहीसं होतं. धावपट्टी ओली, ढग खाली, एकदा अॅप्रोच करून वर जावं लागलेलं. अशा वेळी मागं कोण बसलेलं असतं? मराठा लाइट इन्फंट्रीचा सुटी संपवून आलेला जवान, केएलई हॉस्पिटलात बहिणीला दाखल केलेला भाऊ, पहिल्यांदाच विमानात बसलेली खानापूरची आजी. गोव्याला किंवा बेंगळुरूला नेऊन उतरवलं तर यांचं काय होणार ते तुला माहीत असतं, कारण ही तुझीच माणसं. दुसऱ्यांदा प्रयत्न करायचा मोह तिथं होतो. तो मोह बाजूला ठेवून, इंधन मोजून, वेळेत वळणं हे प्रवासी वैमानिकाचं खरं कौशल्य. कार्गोत वळायचा निर्णय मनाला हलका जातो. खोक्यांना कुणी घ्यायला आलेलं नसतं. उलट फ्लाइट वळवल्यावर प्रवाशांचा आरडाओरडा केबिन क्रू सोसतो आणि दार उघडल्यावर तुलाही सोसावा लागतो. दोन शब्द नीट बोललं तर फरक पडतो. सांबऱ्याच्या फ्लाइटवर मी मराठी आणि कन्नड दोन्हींत सांगायचो, काय झालं आणि आता काय करणार. लोक शांत होतात. कारण न सांगता बसवून ठेवलं की मगच चिडतात.

माणसं मागं असण्याचा एक मोठा फायदाही असतो, तो नवीन वैमानिक विसरतात. ती बघतात, हुंगतात, ऐकतात. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक ७३७ पडलं, ४७ माणसं गेली. डावं इंजिन बिघडलं होतं आणि वैमानिकांनी चुकून उजवं बंद केलं. डाव्या इंजिनातनं निघणाऱ्या ज्वाळा मागच्या प्रवाशांनी आणि केबिन क्रूनं बघितल्या होत्या. कॅप्टननं घोषणेत उजव्या इंजिनाचं नाव घेतलं तेव्हाही कुणी पुढं येऊन सांगितलं नाही. तेव्हापासून केबिन आणि कॉकपिटनं एकमेकांशी बोललं पाहिजे हे प्रशिक्षणात आलं. तू प्रवासी एअरलाइनमध्ये गेलीस तर केबिन क्रूशी पहिल्या दिवसापासून असं वाग की तुला काहीही सांगायला त्यांना संकोच वाटू नये. आणि कार्गोत गेलीस तर लक्षात ठेव, ते डोळे तुझ्याकडं नाहीत. म्हणून ती बॅटरी घेऊन मारलेली फेरी.

बाकी विमानं जुनी असतात का? बऱ्याचदा होय. पंधरा-वीस वर्षं प्रवासी म्हणून वापरलेली विमानं खुर्च्या काढून, मोठं दार बसवून मालवाहू करतात. ७५७ चं उत्पादन तर २००४ मध्येच थांबलंय. जुनं म्हणजे असुरक्षित नव्हे, पण एकाच प्रकारच्या दोन विमानांची कॉकपिट थोडी वेगळी असतात आणि रात्री तीनला लहान विमानतळावर इंजिनियर लगेच मिळेलच असं नाही. अमुक यंत्र बंद असताना निघता येतं का, हे तूच पुस्तक काढून बघायचं.

नोकरीच्या दृष्टीनं दोन गोष्टी. मार्च २०२० मध्ये कोविडमुळं देशातली प्रवासी विमानं दोन महिने थांबली तेव्हा कार्गो चालू होतं; माझ्या ओळखीच्या प्रवासी वैमानिकांचे पगार कापले गेले, आमचं काम वाढलं. पण भारतात निव्वळ मालवाहू विमानं फारच थोडी आहेत. म्हणून कुठल्या विमानावर टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवायची पात्रता, देतायत ते नीट विचार. ए-३२० किंवा ७३७ असेल तर पुढं दोन्ही बाजूंना दार उघडं राहतं. ७५७ वर बसलीस तर देशात दुसरीकडं ते रेटिंग घेऊन जायला जागा जवळजवळ नाही. पहिल्या नोकरीत याला मी पगारापेक्षा जास्त महत्त्व देईन.

मुलगी म्हणून वेगळं काही तू विचारलं नाहीस, पण घरी तो प्रश्न निघणारच. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, कार्गोतही मुली उडवतात. रात्री दोनला ने-आण करणारी गाडी कंपनीची असते का, हबवर थांबायला बंद होणारी खोली असते का, हे मुलाखतीतच सरळ विचार. विचारायला लाजू नकोस. मुलांनीही तेच विचारायला पाहिजे.

तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं? तुझे तास अजून कमी आहेत. पहिली तीन-चार वर्षं प्रवासी विमानात, छोट्या धावपट्ट्यांवर, पावसाळ्यात, दिवसाला अनेक लँडिंग करत काढ. हात तयार होतो, आणि माणसांशी बोलायची सवय लागते. मग रात्र सोसते की नाही ते तुला स्वतःचं कळलेलं असेल. पण प्रवासी एअरलाइनचं बोलणं फिसकटलं आणि कार्गो ७३७ वर घेत असेल, तर मामांसाठी ती संधी सोडू नकोस. डिसिप्लिन कार्गोत जास्त लवकर येते, कारण तिथं ती लावणारं दुसरं कुणी नसतं.

सही करण्याआधी दोन्ही कंपन्यांत आत्ता काम करणाऱ्या फर्स्ट ऑफिसरकडनं मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर मिळवून बघ. कंपनी दाखवते तो नमुना नको, खरं लागू झालेलं. त्यात सलग किती रात्री, रात्रीनंतर सकाळची ड्युटी किती वेळा, सुटी मोडून बोलावणं किती वेळा, एवढंच मोज. मिळालं की मला पाठव, आपण दोघं बसून बघू. फोन मात्र संध्याकाळी पाचनंतर कर, त्याआधी मी झोपलेला असतो.